मोठ्याने बोलण्याची परवानगी

मास्तरांना गप्प बसलेलं पाहिलंय असं छातीठोकपणे सांगू शकेल असा एकच माणूस, त्यांचा दातांचा डॉक्टर. तोही म्हणतो, भूल उतरेपर्यंतच. बाकी जागेपणी मास्तर बोलत असतात. भाजी निवडताना बोलतात, जिना चढताना बोलतात, आणि समोर कुणी नसेल तर पायऱ्यांना समजावून सांगतात की पुढची पायरी कुठे आहे.

चष्म्याच्या एका दुकानावर दोन खोल्यांची इन्स्टिट्यूट होती. तिथे मास्तर बावीस वर्षं नेटवर्कच्या सर्टिफिकेटचा कोर्स शिकवत होते. बारा संगणक होते, त्यातले दहा चालायचे आणि दोन खोली भरलेली दिसावी म्हणून ठेवलेले होते. पण मास्तरांना संगणकांची फारशी गरज पडत नसे. त्यांचा वर्ग पायांवर चालायचा. एका पोराला खिडकीपाशी उभं करायचं, तो सर्व्हर. दाराशी एक मुलगी, ती राऊटर. बाकीच्यांनी हातात पाकिटं घेऊन बाकांमधून धावायचं, चुकीच्या दारात गेलं की परत फिरायचं, वाटेत दोघांची टक्कर झाली तर दोघांनी थांबायचं आणि मनाला येईल तो आकडा मोजून पुन्हा निघायचं. वर अशी धावपळ सुरू झाली की खालच्या दुकानात अक्षरं वाचणारी गिऱ्हाइकं हमखास एक ओळ चुकायची. गावात निम्म्या लोकांच्या चष्म्याचा नंबर जरा जास्तच होता, तो मास्तरांमुळे.

आता गंमत ऐका. ज्या सर्टिफिकेटसाठी मास्तरांनी हजारभर पोरं तयार केली, ते सर्टिफिकेट मास्तरांकडे नव्हतं. ते शिकवायला लागले तेव्हा ही परीक्षाच निघाली नव्हती. पुढे ती निघाली आणि पोरं पास होत राहिली, पण मास्तरांना विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्याही नाही.

मग परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. एक तारखेपासून ज्याच्याकडे सर्टिफिकेट असेल त्यानेच शिकवायचं. इन्स्टिट्यूटचे संचालक भले गृहस्थ होते, पण कागदाला फार घाबरायचे. पत्र दोन बोटांत धरूनच ते वर्गात आले.

"मास्तर, नुसती फॉर्मॅलिटी हो. तुम्ही ती परीक्षा झोपेतसुद्धा द्याल."

"आणि नाहीच झालो पास तर?"

संचालकांनी खिडकीकडे पाहिलं. "तर मग काउंटरवर बसा. फॉर्म वगैरे देत जा."

काउंटरवर बसणाऱ्याला दिवसभरात दोनच वाक्यं बोलायला मिळतात, 'हा भरून आणा' आणि 'इथे सही'. त्यात उरलेलं आयुष्य काढायचं नव्हतं, म्हणून मास्तरांनी त्याच दिवशी परीक्षेचा फॉर्म भरला.

पहिली परीक्षा झाली ती रीतसर केंद्रात. आठ टेबलं, मध्ये पुठ्ठ्याचे आडोसे. नव्वद मिनिटांत नव्वद प्रश्न, त्यातले त्रेसष्ट बरोबर आले की पास. मास्तरांनी पहिला प्रश्न वाचला. म्हणजे मोठ्याने वाचला. मग त्याचे चारही पर्याय एकेक करून घेतले, पहिला का चूक, दुसरा का चूक, तिसऱ्यात मेख कुठे मारून ठेवलीय. केंद्रातला माणूस धावत येईपर्यंत मास्तर सातव्या प्रश्नावर होते आणि सगळ्या आडोशांवरून माना बाहेर आल्या होत्या. त्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी केंद्राचा निकाल आजवरचा सगळ्यात चांगला लागला. नापास एकटे मास्तर.

"तोंड बंद ठेवायला काय झालं होतं तुम्हाला?" बायकोने विचारलं. ती औषधांच्या दुकानात बसायची, आणि सगळ्या दुखण्यांवर काहीतरी गोळी असतेच यावर तिचा विश्वास होता.

"अगं, तोंड बंद केलं की मला काही आठवतच नाही," मास्तर म्हणाले, आणि ते ऐकून त्यांचे तेच घाबरले. बावीस वर्षांत त्यांनी हे कधी करून पाहिलंच नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी ओठ घट्ट मिटून साधा राऊटर आठवून पाहिला, तर डोळ्यांपुढे नुसता पत्र्याचा डबा आला. तोंड उघडलं आणि लगेच सगळं सुरळीत आठवलं, आकड्यांसकट.

बायकोने दुकानातून थर्मामीटर आणला. तो जिभेखाली धरून मास्तरांनी पंधरा दिवस अभ्यास केला. ज्ञान काही वाढलं नाही. ताप मात्र नाही हे दिवसातून आठ वेळा नक्की झालं.

दुसरी परीक्षा घरून द्यायची सोय होती. कॅमेऱ्यापलीकडून एक बारीक आवाज सूचना द्यायचा आणि खोली त्याला पूर्ण रिकामी हवी होती. बायकोने कॅलेंडर उतरवलं, घड्याळ उतरवलं, पुस्तकांचं कपाट ओढत बाहेर नेलं.

"भिंतीवर व्यक्ती आहे," आवाज म्हणाला.

"ते माझे वडील आहेत. फोटो आहे तो," बायको म्हणाली.

"त्यांची नजर स्क्रीनकडे आहे."

सासरेबुवा उलटे करून स्वयंपाकघरात ठेवण्यात आले. हयात असतानाही मास्तरांशी त्यांचं असंच होतं. मग मास्तर उघड्याबोडक्या खोलीत एका खुर्चीवर बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न मनात वाचला. अगदी मनात. आवाजाचा टिपूस नाही.

"ओठ हलतायत," आवाज म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "ओठ हलतायत." तिसऱ्यांदा काही न म्हणता स्क्रीन काळी झाली.

वर्षाला तीनच संधी होत्या. एक तारीख बारा दिवसांवर आली होती, आणि मास्तरांची पाचावर धारण बसली होती. बायकोने कंपनीची नियमावली काढली आणि औषधासोबतचा कागद वाचावा तशी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तिला एक कलम सापडलं. ज्याला बोलल्याशिवाय विचार करता येत नाही अशा परीक्षार्थीला वेगळी खोली आणि मोठ्याने बोलण्याची परवानगी मिळते, डॉक्टरांचा दाखला जोडला की झालं.

डॉक्टरांनी मास्तरांना तपासलं. घसा पाहिला, छातीला नळी लावली, गुडघ्यावर हातोडी मारली. "यांना काहीही झालेलं नाही."

"अहो, पण हे थांबतच नाहीत," बायको म्हणाली.

तोवर मास्तर डॉक्टरांना दवाखान्यातला इंटरनेट दुपारी का अडखळतो ते समजावू लागले होते. डॉक्टरांनी वीस मिनिटं ऐकलं. बाहेर रांग वाढली. शेवटी त्यांनी लेटरहेड ओढलं आणि निदान या शब्दापुढे लिहिलं, 'शिक्षक.' त्याखाली लिहिलं, 'बरं होण्याची शक्यता नाही.' कंपनीने दाखला बिनातक्रार मंजूर केला.

तर तिसऱ्या परीक्षेला एक छोटी खोली मिळाली. एक टेबल, एक संगणक, कोपऱ्यात कॅमेरा आणि भिंतीला लागून एक डुगडुगती खुर्ची. खुर्चीवर पर्यवेक्षक बाई होत्या, साठीच्या आसपासच्या. तीस वर्षं पाळणाघर चालवून थकल्यावर त्यांनी हे काम धरलं होतं, कारण इथे कुणी रडत नाही असं त्यांना सांगितलं गेलं होतं. नेटवर्कचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तशी अटच होती.

मास्तरांनी तोंड उघडलं आणि गाडी सुसाट निघाली. पंचवीस मिनिटांत तीस प्रश्न. बोलताना कुणाकडे तरी पाहायला लागतं म्हणून ते बाईंकडे पाहत होते, आणि बाई भिंतीकडे पाहावं तसं त्यांच्याकडे पाहत होत्या. सगळं उत्तम चाललं होतं.

एकतिसावा प्रश्न असा होता की एका जाळ्यातल्या संगणकाने दुसऱ्या जाळ्यातल्या संगणकाला काही पाठवलं, तर निघताना त्यावर कुणाचा पत्ता असतो. "इथे फसायचं नाही," मास्तर म्हणाले. "पाकिटात पाकीट असतं. आतल्या पाकिटावर शेवटच्या माणसाचा पत्ता, आणि बाहेरच्यावर फक्त पुढच्या दाराचा." त्यांनी उत्तरावर टिचकी मारली आणि वर पाहिलं. बाईंच्या कपाळावर एक आठी होती.

बावीस वर्षांत मास्तरांना एक गोष्ट कधी जमली नव्हती. समोर आठी असताना पुढे जाणं.

"नाही कळलं ना?" त्यांनी विचारलं.

बाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्यांना बोलायला मनाई होती. "नाही," त्या म्हणाल्या.

परीक्षार्थीने खुर्ची सोडायची नाही असा नियम होता, त्यामुळे उठावं लागलं बाईंना. मास्तरांनी त्यांना खिडकीशी उभं केलं. बाईंचं ओळखपत्र हे आतलं पाकीट, हजेरीचा कागद बाहेरचं. बाई खिडकीपासून दारापर्यंत चालल्या, दाराशी कागद काढून टाकला, दुसरा कागद गुंडाळला, पुन्हा चालल्या. कोपऱ्यातला कॅमेरा हे सगळं इमानाने टिपत होता.

"म्हणजे बाहेरचं पाकीट प्रत्येक दारात फाडतात?"

"प्रत्येक दारात. आणि नवं घालतात."

"आणि आतलं कुणीच उघडत नाही?"

"ज्याचं आहे त्याच्याशिवाय नाही."

"अगं बाई," बाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. ती जाताना पाहण्यासाठी मास्तर जगत होते, हे सांगितलंच पाहिजे. पण त्या आठीला अठरा मिनिटं लागली होती. आणि बाईंना आता चटक लागली. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांच्या 'का'ला उत्तरं दिली होती, स्वतः 'का' विचारायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. अडतिसाव्याला त्यांनी विचारलं. बेचाळिसाव्याला दोनदा विचारलं. एक्कावन्नावा प्रश्न झाला तेव्हा अकरा मिनिटं उरली होती.

मास्तरांना हिशेब कळत होता. आणखी बारा प्रश्न बरोबर आले की पास. पुढचे सोपे होते, नुसतं घडाघडा वाचत गेलं तरी आठ मिनिटांत उरकले असते.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "पण पहिल्यांदा माझा संगणक नवा असतो, तेव्हा पुढचं दार कुठलं हे त्याला सांगतं कोण?"

हा प्रश्न मास्तरांना बावीस वर्षांत फार तर पाच पोरांनी विचारला होता. 'नंतर सांगतो' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंडही उघडलं. पण त्या तोंडातून आलं ते, "वा! बसा. हे नीट ऐका."

बाईंना उत्तर कळलं त्याच मिनिटाला वेळ संपली आणि स्क्रीनवर निकाल आला. सोडवलेले एक्कावन्न, बरोबर एक्कावन्न, नापास.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी पर्यवेक्षकाचा फॉर्म पुढे ओढला, चष्मा लावला आणि बराच वेळ काहीतरी लिहीत बसल्या. मास्तर त्यांना नमस्कार करून निघाले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "काउंटर," आणि त्या दिवशी पुढे एक अक्षर बोलले नाहीत. बायकोने थर्मामीटर आणून खरोखरच ताप पाहिला.

चौथ्या दिवशी संचालक वर्गात आले. हातात कागद होता, पण या वेळी चार बोटांत. परीक्षा रद्द झाली होती. सोबत बाईंच्या जबाबाची प्रत होती आणि ती संचालकांनी मोठ्याने वाचली. "गैरप्रकार झाला आहे आणि तो मी केला आहे. परीक्षार्थीला मी पुन्हापुन्हा प्रश्न विचारले. मला कळेपर्यंत तो पुढे गेला नाही. यात त्याचा दोष नाही, तो तसाच आहे." म्हणून परीक्षार्थीला नवी संधी, गुरुवारी. पर्यवेक्षकाला कायमची बंदी.

मास्तर मटकन बाकावर बसले. हजारभर पोरांनी पेढ्याबिढ्यांशिवाय नुसतं 'थँक्यू सर' म्हणून जिना उतरला होता. मास्तरांसाठी कुणी असलं काही लिहिलं नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मग जबाबाखाली लिहिलेल्या नंबरावर त्यांनी बाईंना फोन लावला.

"बाई, माझ्यापायी तुमचं काम गेलं."

"एक खुर्ची गेली. तीही डुगडुगायची," बाई म्हणाल्या. "तुम्ही आधी पास व्हा. मला बावन्नाव्यापासून पुढचं कळायचंय."

गुरुवारी नवे पर्यवेक्षक होते. बाईंच्या प्रकारानंतर कंपनीने अटच फिरवली होती, आता ज्याला सगळं येतं असाच माणूस बसवायचा, म्हणजे तो काही विचारणार नाही. एक निवृत्त इंजिनिअर हाताची घडी घालून बसले होते. मास्तरांनी पहिला प्रश्न वाचला आणि ते पाकिटावर यायच्या आतच इंजिनिअर म्हणाले, "हं. पुढे." दुसऱ्याला म्हणाले, "माहितेय. पुढे." मास्तरांनी मुद्दाम सावकाश समजावलं, एकदा तर हात हवेत फिरवून आख्खा राऊटर उभा केला. इंजिनिअर नखं पाहत होते. कपाळ गुळगुळीत. एक्केचाळीस मिनिटांत पेपर संपला. नव्वदपैकी शहाऐंशी.

मास्तर घरी पोचायच्या आत संचालकांचा फोन बायकोला गेला होता. तिने दुकान लवकर बंद केलं होतं. सासरेबुवा परत सुलटे होऊन भिंतीवर चढले होते. दार उघडल्याबरोबर ती म्हणाली, "पास! अहो, पास झालात! आणि असं तोंड पाडून काय आलात? कसा झाला पेपर?"

मास्तरांनी चपला काढल्या, सर्टिफिकेटचा कागद तिच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले.

"नव्वद प्रश्न होते," ते म्हणाले. "पण विचारलं कुणीच काही नाही."