सातचे खिळे संपले तेव्हा

"साहेब, सातचे खिळे संपले. दुसरा आकडा चालंल का?" दगडूभाऊंनी आतून हाक मारली.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. नाशिकच्या एका लहान प्रकाशनात मी गणिताच्या पुस्तकांचा संपादक होतो. मुलांसाठी कोड्यांचं पुस्तक प्रेसवर होतं. तेव्हा जुळणी हाताने व्हायची. प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा म्हणजे शिशाचा एक तुकडा, त्यालाच खिळा म्हणायचं. दगडूभाऊ आमचे जुळारी. जादूच्या चौरसांत त्यांचे सगळे सात खपले होते.

अडलेलं कोडं असं: टोपलीतली लिंबं २-२, ३-३, ४-४, ५-५ किंवा ६-६ मोजली तर दर वेळी एक उरतं. ७-७ मोजली तर एकही उरत नाही. कमीत कमी लिंबं किती? उत्तर ३०१.

"११ करा की!" मी म्हणालो आणि प्रुफावर लाल शाईने तसं लिहूनही दिलं. अकरानेही कोडं सुटतं, पण उत्तर १२१ येतं. उत्तरांची पानं तर आधीच छापून झाली होती. माझ्या ते ध्यानातच आलं नाही.

पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांनी देवळ्याहून अहिरेबाईंचं पत्र आलं. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं हेच कोडं वर्गाला घातलं. मुलींनी १२१ सांगितलं. साहेबांनी मागचं उत्तरांचं पान बघून नकारार्थी मान हलवली. हेडमास्तरांनी बाईंकडून गणित काढून शिवणकाम दिलं. 'बरोबर उत्तर कोणते, ते लेखी कळवावे,' एवढीच बाईंची विनंती होती.

मी कार्ड टाकलं. 'पुस्तकातील उत्तर तपासलेले आहे. आपण पुन्हा प्रयत्न करावा.' साधा भागाकार करून बघितला नाही. कोडं पाठ होतं ना मला, दीडशहाण्याला!

त्यांच्या दुसऱ्या पत्रात फक्त गणित होतं. ३०१ भागिले ११. बाकी ४. खाली सही.

मी जुनी प्रुफं काढली. लाल शाईतले ११, अक्षर माझंच. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालक म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत सुधारू. तिथे जाऊन कशाला शोभा करून घेता?"

"शोभा बाईंची झालीय, अण्णा."

सकाळच्या एसटीने देवळ्याला गेलो. हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते ओशाळले. "छापलेलं चुकेल असं वाटलंच नाही हो. गणित देतो बाईंना परत, पण आता जूनपासून."

बाई शिवणाच्या तासाला होत्या. मी हात जोडले.

त्या म्हणाल्या, "माझं उत्तर मला माहीत होतं, सर. पण तुमचं कार्ड आलं आणि मुलींनी वहीतलं १२१ खोडलं. माफी त्यांची मागा."

मागितली. फळ्यावर कोडं सोडवलं, खिळ्यांची हकिगतही सांगितली. तेव्हापासून मागचं पान बघण्याआधी मी गणित स्वतः करतो, पुस्तक माझं असलं तरी.

निघताना पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, सातचा आकडा नव्हता, तर अक्षरात सात का नाही लिहिलं?"

अक्षरांचे खिळे दगडूभाऊंकडे खण भरून होते.