सहादेवचा डावा डोळा

मी मुळातच संशयी. शेजारणीनं ताजं म्हणून दूध दिलं तरी आधी हुंगून बघतो. त्यामुळे सहादेव दलालाच्या डाव्या डोळ्यावर बाजारात पहिली नजर माझीच गेली, हे कबूल करतो.

नेवाशाजवळच्या आमच्या जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दलाल रुमालाखाली विकणाऱ्याच्या बोटांवरून त्याचा आकडा घेतो, मग तसाच घेणाऱ्याचा. भोवतीच्यांना काही कळत नाही. फक्त दलालाचं तोंड कोरं राहिलं पाहिजे. सहादेवचं वीस वर्षं राहिलं.

मग माझी बैलजोडी विकायला निघाली. माझा आकडा घेऊन तो व्यापाऱ्याकडे वळला आणि त्याचा डावा डोळा झपकन मिटला. व्यापारी हसला. जोडी पडत्या भावात गेली. इथं पाणी मुरतंय, म्हटलं, आणि बाजारभर सांगत सुटलो, की सहादेव डोळ्यानं आकडा फोडतो. महिन्याभरात त्याच्या रुमालाखाली हात घालणारा कुणी उरला नाही.

तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही. जाब विचारायला भर दुपारी त्याच्या घरी गेलो. सहादेव बाजेवर घोरत होता. मिटलेली डावी पापणी आवळत होती, गाल ओढला जात होता, ओठाचा कोपरा वर चढत होता.

"दोन वरसं झाली. आदी नुसती पापनी फडफडायची, कुनाला कळायचं न्हाई; वाढत वाढत ह्ये आसं झालं," त्याची बायको आक्काबाई म्हणाली. "आता तुमीच सांगा, झोपंत कुनाला खुना करत्यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नगरच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. एमआरआय काढला. मेंदूपाशी एक रक्तवाहिनी वाकडी जाऊन चेहऱ्याच्या नसेवर टेकली होती. तिच्या ठोक्यांनी नस चाळवायची. पुण्यात कानामागून ऑपरेशन केलं, दोन्हींच्या मध्ये छोटी गादी ठेवली. चेहरा शांत झाला.

मी बाजारात सगळ्यांना हे सांगितलं. लोक म्हणाले, "बोभाटा झाल्यावर थांबला, व्हय? म्हंजी आदी डोळा मारतच हुता की!" माझंच पेरलेलं, आता उपटता येईना.

शेवटी माझी गाय घेऊन मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत रुमालाखाली हात घातला. त्यानं आकडा घेतला, व्यापाऱ्याकडे वळला आणि मध्येच थांबला.

"आप्पासाहेब," तो हळूच म्हणाला, "डोळा आता हलत न्हाई. पर तुमी अजून तिकडंच बघताय."

मी खरंच बघत होतो.