गावात येणारी गाडी

धावड्याच्या कारभारी नावाच्या गाडीवानाला गावात कोणी वाईट म्हणत नसे. खरं तर त्याला कोणी काही म्हणतच नसे. निजामाच्या राज्यात लेव्हीचं धान्य सक्तीनं गोळा व्हायचं, तेव्हा शिपायांनी त्याची गाडी धरली होती. दोन हंगाम त्यानं गावचीच ज्वारी भोकरदनच्या गोदामात नेऊन टाकली. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पोती उचलली जात असताना लोकांनी शिपायांकडे पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं कारभारीकडे. शेजारच्या तुळजाबाईनं तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. तिनं बियाण्यासाठी राखलेलं पोतंही त्याच गाडीतून गेलं होतं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

एकावन्न सालच्या हिवाळ्यात पहिल्या निवडणुकीची गडबड सुरू झाली. जालन्याच्या एका लहानशा पक्षाला बैलगाडी हे चिन्ह मिळालं. मतदानाच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असणार, तिच्यावर चिन्ह असणार आणि आपल्या पसंतीच्या पेटीत चिठ्ठी टाकायची, अशी पद्धत होती. तेव्हा चिन्ह लोकांच्या डोळ्यांत बसलं पाहिजे. ते काम जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या गिरधारीलाल शेठांकडे आलं. आपल्या कापडाच्या दुकानात बसून त्यांनी पत्र्याचा साचा कापून घेतला : दोन बैल, त्यांची तोंडं उजवीकडे, मागे पोत्यांनी भरलेली गाडी. साचा भिंतीला लावायचा आणि वरून चुन्याचा कुंचा फिरवायचा.

भोकरदनच्या बाजारात त्यांनी कारभारीला गाठलं.

“शेठ, पोती कशापायी?” कारभारीनं विचारलं.

“अरे, भरलेली गाडी म्हणजे बरकत. खाली गाडी कोण बघतं?”

कारभारीनं साचा घेतला. पक्षाचं त्याला फारसं काही कळत नव्हतं. पण गाडीचं चित्र गावात लागेल, लोक त्याच्याकडे बोट दाखवून चांगलं काही बोलतील, आणि गाडीबरोबर गाडीवानाचंही नाव जरा निघेल, एवढी आशा त्याला होती. लोक शेतात गेलेले असताना त्यानं वेशीपासून पारापर्यंतच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती रंगवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर निम्म्या गाड्या शेणानं सारवून टाकलेल्या.

हा राग आपल्यावरच, असं वाटून तो घरी परतणार होता. पण गाडीवानाचा डोळा, रस्त्याचा अंदाज सुटत नाही. वेशीतून आत येताना डाव्या हाताच्या सगळ्या गाड्या जशाच्या तशा होत्या. पुसल्या होत्या त्या सगळ्या उजव्या हाताच्या. माणसं तर दोन्हीकडे सारखीच, लेव्ही दोघांनीही भरलेली. मग असं का?

तुळजाबाई ओट्याशी हात धूत होती.

“पुन्हा निघाली का भोकरदनला?” ती म्हणाली. सहा वर्षांतलं तिचं हे पहिलं बोलणं.

“ते चिन्ह हाय, तुळजाक्का.”

“आसंल. माझ्या दारातून पोती भरून वेशीकडं चाललीय, ते मी बघून राह्यले ना. त्या दिसी बी आशीच गेल्ती.”

कारभारी गल्लीच्या मधोमध उभा राहिला. डाव्या भिंतींवरचे बैल पाराकडे तोंड करून गावात येत होते. साचा तोच, पण उजव्या भिंतींवर त्यांची तोंडं वेशीकडे झाली होती. अर्धं गाव भरत होतं, अर्धं रिकामं होत होतं. त्याला हसू आलं आणि मनावरचं ओझं एकदम उतरलं. हे दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

दोन दिवसांनी शेठ पाहणीला आले, तेव्हा कारभारी साचा पालथा करून भिंतीला लावत होता.

“हे बराबर न्हाई, कारभारी. पेटीवरचे बैल उजवीकडे बघतात. लोक चक्रावतील.”

“शेठ, तोंड फिरवलं म्हणून बैल वळखू येत न्हाई, आसा माणूस आमच्या गावात न्हाई.”

पारावरचे दोघेतिघे हसले. शेठही हसले, पण हट्ट सोडेनात. “जालन्याला ठरलंय, एकच चित्र सगळीकडे. मी एकटा कसं बदलू?”

“मंग हा साचा घ्या परत. एकदा गावचं धान्य भरून नेलं, तवा माझ्या हातात काही नव्हतं. आता भिंतीवर बी नेणार न्हाई.” कारभारीनं कुंचा बादलीत ठेवला. “पोती ऱ्हाऊ द्या तुमची. फक्त घरी येऊ द्या.”

गिरधारीलाल सारवलेल्या भिंतींकडे पाहत राहिले. दुकानात ताग्याची घडी मोडताना गिऱ्हाईक कुठे नजर फिरवतं, हे त्यांना बरोबर कळे. इथं गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि आपण त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

“कर उलटा,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “आणि बाकीच्या गावांत काय झालं असेल रे?”

“विचारत चला, शेठ. पहिले वेस कुठंय ते, मंग चुना.”

त्या आठवड्यात जालन्याच्या कचेरीत शेठांनी सगळ्या कार्यकर्त्यांना हेच सांगितलं. काहींनी चेष्टा केली. शेठांनी ती ऐकून घेतली आणि आपलं म्हणणं सोडलं नाही.

इकडे कारभारी तुळजाबाईच्या भिंतीपाशी आला. साचा लावण्यापूर्वी त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती ओट्यावरून खाली उतरली आणि वाऱ्यानं हलणारी पत्र्याची कड तिनं दाबून धरली. कुंचा फिरला. साचा काढला तसे बैल वेशीकडे पाठ करून उभे होते आणि भरलेली गाडी तिच्या दाराकडे येत होती.

तुळजाबाईनं चित्र नीट पाहिलं. हाताला लागलेला चुना पदराला पुसला.

“आन् पलीकडच्या रामरावाची भिंत?” तिनं विचारलं. “ती तशीच टाकून चाललास. त्याच्याकडं लेव्ही चालूच ठेवायची हाय का, भाऊ?”

“चाललोच, आक्का,” म्हणून कारभारीनं बादली उचलली.