चंद्रकलाच्या दोन परड्या

धसईच्या वरच्या वाडीत चंद्रकलाचं तोंड आणि तिची भाताची रोपं, दोन्ही नावाजलेली. तोंडाबद्दल लोक पाठीमागे बोलत, रोपांबद्दल मात्र समोर येऊन विचारत, "काकी, एवढी काळीभोर कशी गो?" उत्तर ठरलेलं. पेरण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा, शेण, गवत अंथरून राब भाजायचा आणि राख आधी पारखून घ्यायची. परडीतल्या राखेत मूठभर भात टाकून आठ दिवस पाणी शिंपडायचं. उगवलं तरच वाफ्यात बी. सासूची ही खोड तिनं सोडली नव्हती.

यंदा शहापूर-मुरबाडच्या हद्दीवरच्या एका कारखान्याचे शेखरसाहेब वाडीत आले. कारखाना आता हिरवा झाला म्हणे. कोळसा बंद, बॉयलरला फक्त पाला आणि तूस. राब भाजू नका, धूर होतो. पाला आम्हाला द्या, राखेची पोती आम्ही घरपोच देतो. वाडी खूश. खरं सांगायचं तर चंद्रकलाही खूश झाली. चाळीस वर्षं राबाचा धूर तिच्याच डोळ्यांत गेला होता.

तरी खोड ती खोड. साहेबांनी ठेवून गेलेल्या नमुन्याच्या पोत्यातली राख तिनं एका परडीत घेतली, दुसरीत आपल्या चुलीची. आठव्या दिवशी चुलीच्या राखेत बोटभर कोंब होते. कारखान्याच्या राखेत दाणे कुजून काळे पडले होते.

पाला गेला आणि ही राख वाफ्यांत पडली, तर वाडीत एकाच्याही घरी रोप होणार नव्हतं. रोप नाही तर वर्षाचं भात नाही.

दीर नथू त्याच बॉयलरवर कामाला. तो हात जोडून म्हणाला, "वैनी, गप ऱ्हा. माजी नोकरी जाईल."

"तू नको बोलू," ती म्हणाली. "परड्या बोलतील."

पाला भरायला ट्रॅक्टर आले त्या दिवशी शाळेपुढे मांडव पडला होता. कल्याणचे पाहुणे, हारतुरे, कुंडीत लावायला एक झाड. भाषण रंगात आलेलं असताना चंद्रकलानं दोन्ही परड्या टेबलावर नेऊन आदळल्या.

"ही माजी चूल. ही तुमची हिरवी फॅक्टरी. नुसता पाला जळला आसता तर यात भात उगवलं आसतं. काय जाळता सायेब?"

शेखरसाहेब हसले. "मावशी, बियाणं खराब असेल. आमच्याकडे लॅबचा रिपोर्ट आहे."

"बी एकाच कणगीतलं हाय. आन् रिपोर्ट आमी खात नाय, भात खातो."

मांडवात हशा पिकला. साहेबांनी ट्रॅक्टरवाल्यांना हात केला, भरा पाला. तेव्हा चंद्रकला सरळ पाल्याच्या ढिगावर जाऊन बसली. "आधी मला उचला!" बाया कुजबुजल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. ती एकटीच बसून राहिली.

मग मागून नथू आला, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. वहिनीशेजारी बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "रबर जाळतात, सायेब. मीच टाकतो."

ट्रॅक्टर रिकामे परतले. दुसऱ्या दिवशी चंद्रकलाच्या वाफ्यावर राब पेटला. काडी नथूनं ओढली. कामावर जायची घाई आता त्याला नव्हती.