दोन लिंबांच्या पुढं

एकोणीस जानेवारी, सोमवार, नांदेड. दुपारची जेवणं उरकली होती आणि माझ्याकडे काम होतं — सभागृहात आमदारांच्या नावाच्या पाट्या क्रमाने मांडायचं.

आधीच सांगते. या पानावरचे लोकांचे अनुभव मी चहा पिताना वाचते आणि निम्म्या वेळा मनात म्हणते, यांना ॲसिडिटी झाली असणार. भूतखेत, अंगात येणं, स्वप्नातले संकेत... माझा कशावर म्हणजे कशावर विश्वास नाही. सासूबाई अमावस्येला गाडी घेऊ देत नव्हत्या, मी अमावस्येलाच घेतली. त्या दिवशी शोरूममध्ये गर्दी नसते. गाडी अजून उत्तम चालते. तेव्हा हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

मी लातूरला लेखाधिकारी आहे. आमचं खातं जनावरांच्या दवाखान्यांचं. पुढच्या वर्षासाठी खात्यानं जो निधी मागितलेला असतो, त्याची उलटतपासणी करायला विधिमंडळाची समिती येते. आमदार समोर बसतात, अधिकारी उत्तरं देतात. यंदा लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांची सुनावणी नांदेडला होती, मंगळवारी. आमच्या मागणीत तालुक्याच्या ठिकाणी नवी इमारत होती, आणि त्या बदल्यात सीमेवरचे छोटे दवाखाने बंद करून तालुक्याच्या दवाखान्यात विलीन करायचे होते. त्यातला एक देवणीच्या पुढे, कर्नाटकाला लागून असलेल्या गावातला. मी तो कधी पाहिला नव्हता. माझ्यासाठी ती तक्त्यातली एक ओळ होती.

समितीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे रंगीत तालीम होते. कारकून आमदार होतात, आमचे साहेब उत्तरं देतात. पण अध्यक्षांच्या खुर्चीत कुणी बसत नाही — तालमीतसुद्धा नाही. साहेब पण नाहीत. तिच्या पाठीला धुतलेला पांढरा टर्किश टॉवेल घालून ठेवायचा, समोर पाण्याची बाटली, बस्स.

आमचे शिंदे दर वेळी हौसेनं आमदार होतात. त्या दिवशीही टेबलावर हात आपटून म्हणाले, "आम्ही मतदारसंघात काय तोंड दाखवायचं? सांगा ना!"

"शिंदे, तुमच्या तिकिटाचं बघावंच लागेल आता," साहेब म्हणाले. सगळे हसले.

मी मागच्या रांगेत बसले होते. मागच्यांचं काम एवढंच — साहेब अडले की पुढे चिठ्ठी सरकवायची. नव्या रंगाचा वास होता. खिडक्यांना पिवळे पडदे, त्यातून ऊन गाळून येत होतं, आणि सगळं सभागृह मधाच्या बरणीत ठेवल्यासारखं दिसत होतं. माणसांचे आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखे. मी झोपले नव्हते. हातात पेन होतं, ते मी फिरवत होते, हे मला नीट आठवतं.

आणि कुणीतरी विचारलं, "अडलेली गाय तालुक्यापर्यंत चालंल का हो?"

आवाज बाईचा की पुरुषाचा, आज सांगता येत नाही. ओळखीचा होता, एवढं मात्र नक्की. आला अध्यक्षांच्या खुर्चीकडून. त्या बाजूनं प्रश्न आला की उभं राहायचं, ही सवय अंगात मुरलेली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "नाही साहेब, चालणार नाही. दोन लिंबांच्या पुढं ती जात नाही. वाळलेल्या लिंबाखाली बसते, मग उठत नाही."

सगळ्या माना मागे वळल्या.

"मॅडम, हे काय?" साहेब म्हणाले.

"विचारलं म्हणून सांगितलं."

"कुणी विचारलं?"

मी खुर्चीकडे बोट दाखवलं. टॉवेल होता तसा होता. बाटलीचं झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"मॅडमला भात जास्त झाला," शिंदे म्हणाले आणि पुन्हा हशा पिकला. मीही हसले. काय करणार?

निघताना साहेबांनी बाजूला घेतलं. "आपण लेखी दिलंय, पशुपालकांची गैरसोय होणार नाही. उद्या हे लिंबाचं काढलंत तर सगळी मागणी लटकेल. इमारतसुद्धा. कळलं ना?"

कळलं होतं. रात्री बहिणीकडे मुक्काम केला. झोप छान लागली — हे मुद्दाम सांगते, कारण लोक हमखास विचारतात.

मंगळवारी सकाळच्या रेल्वेनं समिती आली. अध्यक्ष जाडजूड, सर्दी झालेले, नाकाला रुमाल. साहेबांनी उत्तर वाचलं. अध्यक्षांनी ते कागदावर पुन्हा वाचलं. "गैरसोय होणार नाही, म्हणताय."

"होय साहेब."

मग त्यांनी मान वर केली आणि साहेबांच्या खांद्यावरून थेट माझ्याकडे पाहिलं. "पण बाई, काल तर तुम्ही वेगळं सांगितलंत. लिंबांचं काहीतरी."

साहेबांच्या हातातला कागद खाली आला. "साहेब... काल? आपण तर आज सकाळी आलात."

"हो की," अध्यक्ष म्हणाले. दुपारच्या डुलकीतून उठवल्यावर माणूस बघतो तसे ते बघत होते. "मग मला कुणी सांगितलं?"

"अध्यक्ष महाराज, रेल्वेत झोप झालेली दिसत नाही," शेजारचे आमदार म्हणाले. सगळे हसले, अध्यक्ष सोडून.

"उभ्या राहा, बाई. काय ते लिंबांचं?"

साहेब मागे वळले. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते सरकारी नोकरी केलेल्यांना सांगायला नको. 'काही नाही साहेब, गैरसमज झाला असेल' — एवढं म्हटलं असतं तरी मी सुटले असते. आणि तो दवाखाना बंद झाला असता. कायमचा.

मी जे काल बोलले तेच बोलले. शब्दाला शब्द.

"पाहिलंय तुम्ही?"

"नाही साहेब."

"मग कशावरून सांगता?"

"ते मला सांगता येत नाही. पण ती चालणार नाही."

त्यांनी रुमालात नाक शिंकरलं. मग म्हणाले, "हा दवाखाना तूर्त बाजूला ठेवा. कुणीतरी जागेवर जाऊन बघा आणि मग मागणी घेऊन या. पुढचा विषय."

बाहेर साहेब एवढंच बोलले, "आता उद्या तुम्हीच जा लिंब मोजायला."

शिंदेंना मी खोपच्यात घेऊन विचारलं, अध्यक्षांच्या माणसांपाशी कुणी बोललं का. त्यांनी लेकराची शपथ घेतली. तरीही म्हणते, कुणी बोललं असेल. सरकारी सभागृहाच्या भिंतींना कानच काय, तोंडंही असतात. इथपर्यंत माझ्याकडे स्पष्टीकरण आहे.

बुधवारी सकाळी ऑफिसची जीप घेऊन निघाले. गाडीवर गफूरभाई. उदगीर मागे पडलं, देवणी गेली. दोन्हीकडे हरभरा, त्यावर धुकं बसलेलं. त्या गावात आधी दवाखाना पाहिला. एक खोली, बाहेर जनावर बांधून तपासायचा लोखंडी खोडा, त्याचे दांडे घासून घासून चकचकीत झालेले. मग जनावरं पायी नेतात त्या वाटेनं तालुक्याकडे निघालो. थोडं पुढे गेल्यावर मी म्हणाले, "गफूरभाई, थांबवा."

दोन लिंब होते, कडुलिंबाची झाडं. एक हिरवागार, एक वाळलेला. वाळलेल्याखालची जमीन सारवल्यासारखी गुळगुळीत, दाव्याचा एक तुकडा पडलेला. जवळच एक म्हातारीशी बाई काळ्या ठिपक्यांची गाभण गाय चारत होती. मी खाली उतरले, तशी ती हसली.

"परत आलाव का, अक्का?"

"मी पहिल्यांदाच येतेय, मावशी."

"घ्या! परवा दुपारी हितंच हुब्या व्हताव की. तुमीच इचारलं मला — अडलेली गाय तालुक्यापतोर चालंल का म्हनून. म्या म्हनलं, न्हाई बाई. ह्या दोन लिंबांच्या फुडं जात न्हाई. वाळल्याखाली बसती, मग उठत न्हाई."

गफूरभाई मागून म्हणाले, "मावशी, काय पन बोलून राहिल्या. परवा मॅडम नांदेडात होत्या, मीच सोडलं सभागृहापाशी."

"तुमी नव्हता," ती म्हणाली. "ह्या चालतच आल्त्या."

मी तिच्याशी वाद घातला नाही. दोन्ही लिंबांचे मोबाइलवर फोटो काढले. गायीच्या कपाळावरून हात फिरवला. मग जीपमध्ये बसून तिथल्या तिथं पाहणीचा अहवाल लिहिला — दवाखाना आहे तिथेच ठेवावा, विताना अडलेलं जनावर तालुक्यापर्यंत पोहोचत नाही. कारणं लिहिली. सही केली. पाहणीची तारीख लिहायची तेवढी राहिली होती, आणि तिथं माझं पेन थांबलं.

एकोणीस की एकवीस? मग एकवीस लिहिली.