टेबलाखालची बांधणी

माझं ऑफिसचं टेबल बाबांनी घरीच केलं, माझ्याच खोलीत. आमच्या इथल्या गढा बाजारातून जुन्या दाराची फळी आणली, चार पाय ठोकले. टेबल असं दणकट झालं की वर हत्ती बसवा, कुरकुरणार नाही. पण खाली तारांचं कडबोळं! चार्जर, स्क्रीन, दिवा, वायफायचं डबडं, सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून.

बाबांचं डोकंच फिरलं. "ह्या तारा आहेत का शेवया?"

त्यांची सगळी नोकरी इथल्या तोफगाड्यांच्या कारखान्यात, वायरिंगवर गेली. तिथं तारांची जुडी मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधतात. तो दोरा काढून बाबा चष्मा कपाळावर चढवून टेबलाखाली आडवे झाले. दोन-दोन बोटांवर गाठ घालत सगळ्या तारा आवळल्या, जुडी टेबलाच्या पायाला जखडली. माझा चार्जरही त्यातच गेला.

"बाबा, लॅपटॉप उचलायचा असला तर?"

"काहून उचलायचा? इथंच बस नं."

इथंच बसायचं होतं हो! तेच तर दुखणं होतं. कंपनीनं सगळ्यांना पुण्याला परत बोलावलं होतं. पुण्याची ती एक खोली, तो गार डबा, भिंतीशी बोलत जेवणं, मला पुन्हा नको होतं. घरूनच काम करू द्या म्हणून मी अर्ज केला होता आणि साहेब व्हिडिओवर बोलून काय ते ठरवणार होते.

त्या दिवशी मी नवा कुर्ता घालून, केस विंचरून बसली. आणि साहेब यायच्या जरा आधी लाइट गेली. जळलं मेलं नशीब!

आमच्या इन्व्हर्टरचा पॉइंट फक्त हॉलमध्ये. लॅपटॉपची बॅटरी इतकी म्हातारी की तार काढली की राम म्हणाली. नेट मोबाइलवरून चाललं असतं, चार्जरची तारही हॉलपर्यंत गेली असती, पण ती जुडीत आवळलेली.

"कातरी आणा!" मी ओरडली.

"खबरदार! बांधलेलं कापत नसतात. एकेक गाठ सोडून राहिलो नं मी."

"तुमच्या गाठी सुटेस्तोवर पोरगी रिटायर होईल," आई म्हणाली. "चला, टेबलच उचला."

उचललं. ते दोघं हॉलकडून ओढतात, मी खोलीतून ढकलते. दारात गेलं आणि फसलं. ना पुढं, ना मागं. खोलीतच बनवलेलं, दाराचं माप घ्यायचं कोणाला सुचलं होतं? मी खोलीत कोंडली, आई-बाबा हॉलमध्ये. पण तार पोचली! प्लग मात्र ढिला, हात काढला की निसटे. मग बाबा भिंतीशी उकिडवे बसले आणि प्लग दाबून धरला.

साहेब आले. इकडचं तिकडचं बोलले, मग मुद्द्यावर. "वहाँ लाइट-वाइट का प्रॉब्लम तो नहीं है?"

मी तोंड उघडायच्या आत हॉलमधून कारखान्यातला खणखणीत आवाज आला, "बिलकुल नहीं साहब! एकदम पक्का काम है!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब दचकले. "ये कौन हैं?"

"बाबा आहेत, सर," मी घाबरून मराठीतच बोलून गेली. "म्हणजे... हमारे यहाँ का बिजली विभाग हैं।"

साहेब खो-खो हसले. नंतर म्हणाले, "चलो, फिर वहीं से काम करो।"

मी टेबलावर चढून हॉलमध्ये उडीच मारली. आईनं देवापुढं साखर ठेवली. बाबा काही उठेनात, त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

संध्याकाळी टेबल मागे ठोकून-ठोकून जागेवर नेलं. बाबा पुन्हा खाली आडवे झाले.

मी वाकून विचारलं, "बाबा, कारखान्यात तर दुरुस्तीसाठी तारेला ढील ठेवतात म्हणे. मग माझ्याच चार्जरला काहून नाही ठेवली?"

बाबांनी दोऱ्याची एक गाठ नखानं उचकटली.

"ढील ठेवली असती, तर तू लॅपटॉप उचलून पुण्याला चालली गेली असती."

खाली बाबा गाठी सोडत होते, एकेक, न कापता. चार्जरची तार त्यांनी जुडीतून वेगळी काढली आणि चांगली हातभर मोकळी सोडली.

"आता राहू दे ढिली," ते म्हणाले.