एचआर मावशीचे कांदेपोहे

आमच्या मावशीने माणसाला नाही म्हटलं की माणूस थँक्यू म्हणून उठायचा. जिना उतरायचा, रिक्षात बसायचा आणि पार घरी पोचून चपला काढताना त्याच्या लक्षात यायचं, की अरे, आपल्याला नाही म्हटलंय! मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात ती एचआर मॅनेजर होती, म्हणजे पगार घेऊन हेच करत होती. बदलापुरात, आमच्या बेलवलीत, सगळे तिला एचआर मावशी म्हणत. एचआर म्हणजे काय हे अर्ध्या बेलवलीला ठाऊक नव्हतं, पण त्या दोन अक्षरांमुळे माणूस विमानात बसतो एवढं पक्कं माहीत होतं.

मलाही त्या विमानात बसायचं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल जे वाकडं बोलेन ते कुठून येतंय ते कळेल. मी बी.कॉम. होऊन अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये केमिकलचे ड्रम मोजत होतो, आणि माझी सख्खी मावशी गावभरच्या पोरांना मस्कतला नेत होती. कुठला भाचा शांत बसेल?

मावशी वाढली उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. आजोबा तिथे एका सिंधी शेटकडे जीन्स शिवायचे आणि मावशी कॉलेज सांभाळून त्याच शेटच्या दुकानात गिऱ्हाइकं सांभाळायची. शेटने तिला शिकवलं होतं, "बेटी, जो गाली देता है वो माल लेके जाता है. जो मीठा बोलता है उससे बचके." मस्कतला सगळे पाहुणे गोडच बोलायचे. त्यामुळे मावशी कायम सावध.

पण तिचं खरं ट्रेनिंग झालं ते लग्नाच्या बाजारात. तिला बघायला किती जण येऊन गेले याचा आजीला हिशोब लागत नाही. उंची कमी, रंग सावळा, बोलते फार. "मी ट्रे घेऊन जायची," मावशी सांगायची, "आणि समोर ते पॅनेल. काम काय आहे ते कुणालाच माहीत नाही, पण प्रश्न बघा! स्वयंपाक येतो का, चष्मा कधीपासून आहे, चालून दाखव. आणि जाताना म्हणायचे, कळवतो. अजून कळवतायत." शेवटी काका आले. एसी टेक्निशियन, तोंडातून शब्द फुटेना. पण पोहे संपवून त्यांनी स्वतःची ताटली स्वतः उचलून आत नेऊन ठेवली. मावशीच्या मते सिलेक्शन मोरीपाशीच झालं.

काकांना मस्कतला नोकरी लागली आणि मावशी तिकडे गेली. घरात बसून भिंतींशी किती बोलणार? म्हणून हॉटेलच्या युनिफॉर्म रूममध्ये लागली. इस्त्री केलेले शर्ट द्यायचे, मळके घ्यायचे. तिथून एचआरच्या केबिनमध्ये ती कशी पोचली याची गोष्ट ती दर वर्षी वेगळी सांगायची. त्यातली एक मला खरी वाटते. "सगळा स्टाफ शर्ट बदलायला माझ्याकडे यायचा आणि रडून जायचा. केरळवाला, नेपाळी, फिलिपिनो, सगळे. साहेबांच्या लक्षात आलं, रडणं ऐकून घ्यायला एक पगारी माणूस लागतो. मग मी डिप्लोमा केला, म्हणजे तेच रडणं इंग्लिशमध्ये ऐकता यावं."

तिकडची भाषा मात्र ती सुटकेस भरभरून इकडे आणायची. नोकर म्हणायचं नाही, असोसिएट. काढून टाकलं म्हणायचं नाही, रिलीज केलं. एकदा आजीने भांडीवाल्या बाईला रिलीज केलं. मावशीने मस्कतहून फोन करून त्या बाईचा एक्झिट इंटरव्ह्यू घेतला! त्यात बाईंनी आजीबद्दल जे काही सांगितलं ते ऐकून मावशीने बाईंना कामावर परत घेतलं आणि वॉर्निंग दिली आजीला. आजी आठवडाभर धुसफुसत होती. बाई आजही आहेत.

मे महिन्यात मस्कतचं हॉटेल रिकामं असायचं, म्हणून मावशी तेव्हा सुट्टीवर यायची आणि बेलवलीतल्या आजीच्या वन बीएचकेमध्ये भरती सुरू व्हायची. एजंटला ती उंबऱ्यात उभं करत नसे. पद्धत तिची स्वतःची होती आणि ती ऐकून लोकांचे डोळे पांढरे व्हायचे. सोफ्यावर मावशी, आजी, माझी आई आणि शेजारची कुणीतरी काकू. आणि आतून ट्रे घेऊन येणार कोण? तर उमेदवार! शर्ट खोचलेला, केसांना पाणी लावलेलं, ट्रेमध्ये पोहे आणि चहा. कॅम्प चारचे, बेलवलीचे, अंबरनाथचे भलेभले पंटर त्या दहा पावलांत घामाघूम व्हायचे. "चालून दाखव," मावशी म्हणायची. हे वाक्य म्हणताना तिला जे सुख व्हायचं, ते कुठल्या प्रमोशनने झालं नसेल.

बंटी नावाचा कॅम्प चारचा पोरगा आला तो आईला घेऊन. "मावशी, आपल्याला सगळं जमतं, टेन्शन नाय." ट्रे उचलला आणि चहा बशीत. लगेच त्याची आई धावली, ट्रे त्याच्या हातातून काढून घेतला, चहा पुसला, सगळ्यांना पोहे दिले, आजीच्या पोह्यांवर न विचारता लिंबू पिळलं आणि अभिमानाने म्हणाली, "त्याला सवय नाही हो मॅडम. घरी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाही मी."

"मग ताई, तुम्ही येता का?" मावशीने विचारलं.

सगळे हसले. मावशी हसली नाही. बंटीची आई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कधी पुण्यापलीकडे न गेलेली, पावसाळ्याच्या आत मस्कतच्या हॉटेलात हाउसकीपिंगला लागली. बंटी घरी राहिला आणि उपाशी मरू नये म्हणून वरण-भाताचा कुकर लावायला शिकला.

दुसऱ्या वर्षी मी उभा राहिलो. घरी आईसमोर रोज प्रॅक्टिस केली होती. ट्रे हलला नाही, चहा सांडला नाही, आजीला आधी दिलं, मावशीला शेवटी. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पगार किती मिळेल रे तुला?" मी म्हणालो, "काकू, आधी तुमच्या मुलाचा सांगा, म्हणजे त्याच्याहून कमी सांगेन." काकू सोडून सगळ्यांना हसू आलं. मावशीने चहा संपवला, कप खाली ठेवला.

"राहुल, तू येणार नाहीस."

माझ्यासाठी गोड बोलणं नाही, काही नाही. "गेस्ट कितीही मूर्खासारखा बोलला तरी हॉटेलवाल्याचा चेहरा कोरा पाहिजे. तुझ्या चेहऱ्यावर आधी हेडलाइन येते, मग बातमी. आठ दिवसांत परत पाठवतील तुला."

"अगं, भाचा आहे तुझा!" आई म्हणाली.

"म्हणून तर तोंडावर सांगतेय, ताई."

आई उठली. लहानपणी जिला कडेवर घेऊन फिरली, केसांतल्या उवा काढल्या, तिने भर पॅनेलसमोर पोराला नाही म्हणावं? "बंटीच्या आईला नेलंस, माझ्या पोराला नाही. रेखे, आजपासून तू मला मेलीस." आईने बोलणं टाकलं ते टाकलंच. मस्कतहून फोन आला की फोन माझ्या हातात द्यायची आणि मोठ्याने विचारायची, "कोण आहे? रिकामा असशील तर बोल." आणि मी? मी चार लोकांत मावशीची नक्कल करून टाळ्या मिळवत होतो. आतून जळत होतो. दर मे महिन्यात कुणाचं तरी सामान विमानात चढत होतं आणि मी ड्रम मोजत होतो.

मग एका पावसाळ्यात मावशी सुट्टी नसताना आली. पोटात गाठ होती. काकांनी नोकरी सोडली आणि दोघं आजीकडे राहायला आले. आईने भांडण मोडलं नाही. ती रोज सकाळी तांदळाची पेज करून न्यायची, एक शब्द न बोलता मावशीला चमच्याने भरवायची आणि तशीच परत यायची. मावशी म्हणायची, "ताईची सर्व्हिस फाइव्ह स्टार आहे, फक्त स्माइल नाही."

हॉस्पिटलला न्यायचं काम माझ्याकडे होतं. तिथेही तिची ड्युटी चालू. सिस्टरला विचार, तुमची शिफ्ट सलग कशी लावली? वॉर्डबॉयला सांग, कॉलर सरळ कर. एकदा सलाइन संपायची वाट बघत बसलो होतो तेव्हा मी विचारलंच, "मावशी, खरं सांग, मला का नाही नेलंस?"

"एक कारण सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"आणि दुसरं?"

"ते कॉन्फिडेन्शियल आहे," म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. मरायला टेकलेल्या बाईशी काय वाद घालणार! मी हात टेकले. सलाइनच्या सुईला धक्का लागू नये म्हणून तिचा हात मात्र धरून बसलो.

थंडी पडली आणि मावशी गेली. मस्कतला ऐन सीझन, हॉटेल फुल्ल. सीझनमध्ये कुणालाही रजा नाही हा नियम कुणाचा? मावशीचाच. तिने नेलेल्यांपैकी एकालाही येता आलं नाही. बंटीची आई युनिफॉर्ममध्येच व्हिडिओ कॉलवर हुंदके देत होती आणि इकडे बंटी फोन उंच धरून तिला मावशीचं तोंड दाखवत होता. आले ते सगळे मावशीने नाकारलेले. कुणी बदलापूर स्टेशनला रिक्षा चालवतो, कुणाचं अंबरनाथला मोबाइलचं दुकान. पोरांनी मांडव घातला, पांढरी फुलं आणली, बुद्धवंदनेला रांगेने बसले आणि खांदा द्यायला एकमेकांना सरकवत पुढे आले. पुढे उजवीकडे मी होतो.

संध्याकाळी घर रिकामं झालं. आई भिंतीला टेकून बसली होती. मी पाणी दिलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, शर्ट जरा सारखा केला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली,

"बरं झालं बाबा, तुला नाही म्हणाली. तुलाही रजा मिळाली नसती."